क्रुगर वकील कुठे पडले

हार्लन क्रुगर मोजपट्टी ताणत मागे मागे सरकले, थर्माकोलच्या थडग्याला बांधलेल्या दोरीत त्यांची टाच अडकली आणि ते ग्वेन पिकेटच्या अंगणातल्या खोट्या स्मशानात उताणे आडवे झाले.

ग्वेन चॉकलेटची टोपली टाकून धावली.

"हात लावू नका! साक्षीदार येईपर्यंत मला हलवायचं नाही."

ग्वेनने ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

शेजारचे हे निवृत्त वकील. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घसरण्यावर पोट भरलं. या देशात पडलेला माणूस उठायच्या आधी जमीन कोणाची ते बघतो. ही अक्कल असल्याच लोकांनी शिकवली. ग्वेनच्या हॅलोवीनच्या, म्हणजे भुताखेतांच्या सणाच्या, सजावटीवर त्यांच्या तीन नोटिसा आल्या होत्या; चौथीसाठी ते आज मोजमाप घेत होते. विमा कंपनीनेही कळवलं होतं, एक जरी दावा आला तर घराचा विमा बंद. म्हणजे स्मशान बंद. वर्षातून या एका संध्याकाळी तिच्या दारात सोंगं घेऊन चॉकलेट मागायला दीडशे पोरं येत, तीही बंद.

"दोरी दिसत नव्हती," क्रुगर कण्हले. "उघड निष्काळजीपणा."

"उलटं चालत होतात, वकीलसाहेब! माझ्या अंगणात, मला न विचारता!"

"ते कोर्टात सांगा. आई गं!"

तेवढ्यात एक चेटकीण, एक समुद्री चाचा आणि एक जाडजूड भोपळा गवतावरून पळत आले.

"ए, हे प्रेत कण्हतंय!" चाचा ओरडला. "आजोबा, परत एकदा!"

क्रुगरांनी डोळे वटारले. घोटा टम्म फुगला होता. कळ आली, तोंडातून लांबलचक "आऽऽह" निघालं. पोरं किंचाळत पळाली आणि आणखी चौघांना घेऊन परतली.

क्रुगरांचं दार अकरा वर्षांत एकाही पोराने वाजवलं नव्हतं. तिथे पाटीच तशी होती: 'आत याल तर स्वतःच्या जबाबदारीवर.'

"हात पण वर करा ना," भोपळा म्हणाला.

क्रुगरांनी हात वर केला. बोटं वाकडी केली, ती मात्र कोणी न सांगता.

ॲम्ब्युलन्स आली तोवर रस्त्यापर्यंत रांग लागली होती. गणवेशातली तरुणी गुडघ्यावर बसली, कागद काढला.

"कुठे पडलात, काका?"

ग्वेन कागदाकडे वाकून बघू लागली.

"माझ्या घराच्या पायरीवर," क्रुगर म्हणाले.

तरुणीने शेजारच्या घराकडे पाहिलं, मग त्यांच्या उशाच्या थडग्याकडे.

"मग इथे कसे?"

"सरपटत आलो. लिहा."

तिने लिहिलं. "चला, स्ट्रेचर आणते."

"थांबा हो जरा," क्रुगर दबक्या आवाजात म्हणाले. "रांगेत अजून आठ जण आहेत."