धुडकूची तिरपी गोफण

धुडकूची गोफण सुटली आणि दगड पाखरांना सोडून डावीकडच्या बोरीखाली बैल बांधणाऱ्या भटूच्या कानाजवळून गेला.

“दादा, आते घर बस! तुन्हा हात पाखरेसले सोडीसन माणसेसले मारस!” भटू, त्याचा धाकटा भाऊ, ओरडला.

“हात मन्हा, वावर मन्हं. मधमा तू कसाले उभा ऱ्हास?” राखणीच्या माळ्यावरून धुडकू गरजला.

धानोऱ्याची ही एकतीस सालची गोष्ट. नवरात्रात धुडकूच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वैदूनं कबुतराचं रक्त चोळलं. कबूतर मेलं, हात होता तसाच राहिला. पौषात हात कसाबसा फिरू लागला, पण मूठ वेळेवर उघडेना. गोफणीची एक दोरी बोटात अडकवायची, दुसरी नेमक्या क्षणी सोडायची. ह्याची सुटायची उशिरा, की दगड चालला डावीकडे. इकडे दादर ज्वारीचा दाणा भरलेला, पाखरं पंगतीला बसलेली. राखण गेली की आपण ओट्यावर माश्या मारत बसणार, हे धुडकूला कळत होतं. त्या भीतीनंच तो जास्त शिव्या द्यायचा.

बायको जमनाबाई दोन दिवस बघत होती. ती म्हणाली, “आवो, तुमना दगड रोज त्याच बोरकडे जास. मंग तुमीच उजवीकडे तोंड करा ना! नालाकडे देखीसन मारा.”

“पाखरे आठे ज्वारीमा अन् मी नालाले मारू? येडी व्हयनी का?”

पण मारला. दगड तिरपा सुटला तो थेट ज्वारीवर. थवा भुर्र!

गाव पोट धरून हसलं. धुडकू नाल्याशी भांडतो आणि पाखरं ज्वारीतून पळतात! हसणाऱ्यांच्या वावरात मात्र पाखरांनी निम्मी कणसं उरकली.

महिन्याभरानं एका सकाळी त्यानं सवयीनं नाल्याकडे तोंड करून गोफण फिरवली. दगड ज्वारीकडे वळलाच नाही. नाल्यात टण्ण वाजलं आणि धोतर सावरत भटू उभा राहिला. हातातला तांब्या चेपलेला.

“मारी टाकं रे मले!”

धुडकू आधी घाबरला. मग स्वतःच्या मुठीकडे बघत राहिला.

“सरळ गया... वं, दगड सरळ गया!” म्हणता म्हणता त्याला रडू फुटलं.

माळ्याखाली उभ्या जमनाबाईनंही डोळ्याला पदर लावला. मग नाल्याकडे वळून ओरडली,

“भटू, बस रे निवांत! तुन्हा भाऊना हात बरा व्हयना!”