पाचवं पेन

थिएटरच्या दारावर उभी राहणारी बाई दर वर्षी नाट्यपुरस्कारांची नामांकनं आधीच सांगते आणि ती खरी निघतात, याचं आता तिथे कुणाला नवल राहिलं नव्हतं. अकरा वर्षं. वर्तमानपत्रातले समीक्षक पानभर अक्कल पाजळून तोंडावर आपटायचे, आणि ही बाई हातात बॅटरी घेऊन चार शब्दांत निकाल लावायची. त्यात दैवी काही नव्हतं. पाच परीक्षक यायचे, पिवळा पास दाखवायचे आणि मांडीवर गुणांचा कागद घेऊन कडेच्या खुर्च्यांवर बसायचे. दारवाली मागून त्यांच्या हातांकडे बघत राहायची. कंटाळलेला परीक्षक लिहीत सुटतो. जिच्या गाण्याला पेन थांबतं, तिचं नाव लागतं. बाकी रंगभूमीची सेवा वगैरे भाषणात ठोकायला.

यंदा मात्र ती गप्प होती.

वीस वर्षांपूर्वी गाजलेलं संगीत नाटक पुन्हा उभं राहिलं होतं. तेव्हा त्यात तिची धाकटी बहीण मागच्या रांगेत टोपली धरून उभी असायची. आता शेहेचाळिसाव्या वर्षी ती नायिका झाली होती. त्यासाठी शाळेतली गाणं शिकवायची नोकरी सोडून बसली होती. निर्मात्याने मात्र सरळ सांगून टाकलं होतं, "बाईंचं नाव लागलं तर दौरा. नाही तर रविवारी शेवटचा पडदा." हे बोलताना तो केळं खात होता.

यादी सकाळी अकराला लागायची होती. साडेदहालाच सगळे रंगभूषेच्या खोलीत येऊन बसले.

"काय ज्योतिषीबाई," रंगभूषा करणारा म्हातारा म्हणाला. त्याला सगळे पावडरमामा म्हणत. "यंदा तोंडाला कुलूप?"

"घसा बसलाय."

"गाते धाकटी आणि घसा बसतो थोरलीचा. झकास."

सगळे हसले.

धाकटी हसली नाही. तिने थोरलीला मनगटाला धरून शेजारच्या कपड्यांच्या खोलीत नेलं. "ताई, तू सगळ्यांचं सांगतेस. माझंच का नाही? चौघांची पेनं थांबली होती, हे तूच सांगितलंस. पाचव्याचं काय?"

"थांबलं असेल."

"असेल म्हणजे? तू बघत नव्हतीस?"

तीन आठवडे दारवाली हे गिळून बसली होती. रात्री कूस बदलली तरी ते घशाशी यायचं. पण दहा मिनिटांत यादी लागणार होती, आणि यादीत नाव नसताना हे सांगणं आत्ता सांगण्यापेक्षा भयंकर ठरलं असतं.

"पाचवी बाई उशिरा आली," ती म्हणाली. "तिसरी घंटा झाली होती. पास हातात नव्हता. म्हणाली, मी परीक्षक आहे. मी म्हटलं, रोज चार जण हेच सांगतात. दार लावून घेतलं."

"मग?"

"मध्यंतरात पर्स उपसून तिने पास काढला. पिवळा. तोवर पहिला अंक संपला होता."

धाकटीचं गाणं पहिल्या अंकात होतं. दुसऱ्या अंकात ती मरून पडलेली असायची.

"ती परत आली असेल, दुसऱ्या प्रयोगाला."

"दारावर मीच असते गं. नाही आली." दारवालीने एका दमात उरलेलं ओकून टाकलं. "पासच्या मागे नियम छापलाय. पूर्ण प्रयोग न पाहिलेल्याचा कागद रद्द. पाचातला एक कागद कमी पडला, तर अख्खं नाटक बाद. तुझं नाव लागणार नाही. माझ्यामुळे."

धाकटी लटकवलेल्या झग्यांकडे बघत राहिली. ओरडली असती, एखादी ठेवून दिली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त एका झग्याचं सुटलेलं बटण लावलं. मग खालचं. मग त्याच्या खालचं.

पलीकडच्या खोलीत एकदम कालवा झाला. पावडरमामाचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. "लागलं रे, लागलं. प्रमुख अभिनेत्री. आपल्या बाई. कुठे गेल्या?"

दारवालीने भिंतीला टेकून श्वास सोडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचं भाकीत चुकलं होतं, आणि चुकलं म्हणून तिला रडू येत होतं. तिने बहिणीला मिठी मारायला हात पुढे केले.

धाकटी जागची हलली नाही.

"पाचही कागद पूर्ण असल्याशिवाय नाव लागत नाही ना?"

"नाही."

"मग तिने माझ्या गाण्याला गुण दिले कुठून?"

दारवालीचे हात खाली आले. त्या दिवशी बंद दाराबाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसलेली ती बाई तिला लख्ख दिसली. हातात फोन. मान खाली.

"न बघता भरला कागद," ती पुटपुटली.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"तिला. मला. आता तुला."

"पावडरमामाला?"

"नाही."

"घरी भाऊजींना?"

"कुणालाच नाही. देवाशपथ."

धाकटीने तिचं मनगट पुन्हा धरलं. नखं रुतली. "दौरा निघेपर्यंत तोंड उघडायचं नाही. निघाल्यावरही नाही. कळलं?"

बाहेर पावलं वाजली. सगळे हसत, नावाने हाका मारत इकडेच येत होते.

"दार लाव, ताई."

"अगं, ते तुला उचलून न्यायला येतायत."

"तोंड धुऊ दे मला. दार लाव."

दारवालीने दार लोटलं. जन्म दारं लावण्यात गेला होता, पण कडी काही केल्या कोयंड्यात जाईना. तिने दोन्ही हातांनी धरली, तरी ती खडखड वाजत राहिली.