उर्वीचे कपडे : शून्य

मित्रांनो, तुमच्याशी बोलते आहे ती लाल कापडी पाठीची एक जुनी हिशेबाची वही. कोर्टात जाऊन आलेली वही तुम्ही पाहिली नसेल. मी जाऊन आले. नसते गेले तर बरं झालं असतं.

डोंबिवलीच्या एका बाइंडरने मला शिवलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नीलाने मला विकत घेतलं. तिचा एक नियम होता, पाकिटातून गेलं तेवढंच लिहायचं. फुकट आलेलं लिहिलं तर हिशेब खोटा होतो, असं ती म्हणे. मुलगी झाली, उर्वी, तेव्हापासून माझ्यात दर महिन्याला उर्वीचं वेगळं पान असे. ठाण्यात खोपटला राहणारी नीलाची बहीण सुमती आपल्या मुलीचे लहान झालेले फ्रॉक पाठवी. चष्मा शेजारच्या मधुआजोबांनी करून दिला. गणित नीलाच शिकवी. त्यामुळे पानावर कपडे शून्य, चष्मा शून्य, शिकवणी शून्य. नीलाचा नवरा सलिल पाहुण्यांना मला उघडून दाखवायचा. "बघा, आमच्या नीलाने पोरगी फुकटात वाढवली!" सगळे हसायचे आणि मी फुलून जायचे. मूर्ख होते मी.

उर्वी नऊ वर्षांची असताना दोघं वेगळे झाले. नीला लेकीला घेऊन ठाकुर्लीला भाड्याच्या घरात आली. तिच्या पगारात घरभाडं जेमतेम भागे. उर्वीची शाळा टिकवायची तर सलिलकडून दरमहा पंधरा हजार हवे होते. पोटगी ठरवताना आईबापांची कमाई पाहतात, तसंच मुलाला काय लागतं तेही पाहतात. वकील क्षिप्राताई म्हणाल्या, "नीला, ही वही नको गं देऊस. प्रत्येक गोष्टीचा बाजारभाव लावून नवा तक्ता करू."

"खोटं कशाला लिहू? माझ्याकडे पै न् पैचा हिशेब आहे," असं म्हणत नीलाने मला पर्समध्ये घातलं.

ठाण्याला तारीख होती. सलिलच्या वकिलांनी मला मोठ्याने वाचलं. "कपडे शून्य, शिकवणी शून्य. यांच्याच अक्षरात आहे. मग पंधरा हजार कशाला?"

नीला उभीच राहिली. "अहो, कपडे माझी बहीण देते. सलिल, तू सांग ना! खोपटहून पिशवी तूच आणायचास."

सलिल खाली बघत राहिला. जे लिहिलं होतं तेच धरलं गेलं, आणि तूर्तास दरमहा सहा हजार ठरले. त्या दिवशी कोणी मला फाडलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

जूनमध्ये उर्वीची शाळा बदलली. नीलाने लिहिणं सोडलं. मी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेले.

परवा नीलाला उर्वीच्या दप्तरात सहलीचा कागद सापडला, आठवडाभर जुना.

"अगं, सांगितलं का नाहीस?"

"मी सहा हजारांत बसायला हवी ना, आई?"

नीलाने मला टेबलाखालून ओढून काढलं, धूळ पुसली आणि 'कपडे शून्य' याच्यापुढे लिहिलं, 'सुमतीने दिले.' आता त्याचा काय उपयोग?

मित्रांनो, हिशेबाची वही जपा, पण तिच्यात फुकट आलेल्या फ्रॉकचीही किंमत लिहा. तो कोणी दिला, पिशवी कोणी उचलून आणली, त्याचंही नाव लिहा. वेळ आली की आणणाऱ्याला काही आठवत नाही.