मालकांची कवळी

ती कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाची मापं यायची, त्यावरून साचा काढून ती मेणात एकेक दात बसवायची. कारखाना म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत ती, दुसरीत पॉलिशचं मशीन आणि ते दिवसभर घूं घूं चालवणारा तिचा सहकारी. त्याला सगळे भुंगा म्हणायचे.

मालक मधल्या दारात उभे राहून ओरडायचे. तेच त्यांचं काम. 'आपण एक कुटुंब आहोत' हे त्यांचं लाडकं वाक्य. ते ऐकलं की भुंगा पुटपुटायचा, "म्हणजे आज पुन्हा उशीर."

आधी रविवार गेले, मग जेवणाची सुट्टी गेली. हळूहळू तिला माणसाच्या आधी त्याचे दात दिसायला लागले. धाकट्या बहिणीनं होणाऱ्या नवऱ्याचा फोटो दाखवला, तर ही म्हणाली, "खालचा सुळा फिरलाय." बहिणीनं बोलणं टाकलं. मग एका सकाळी कारखान्याच्या जिन्यात तिचे पायच उचलेनात. रडू नाही, राग नाही. नुसतं तिथंच बसावंसं वाटलं, आणि ती बसली. झेरॉक्सवाल्यानं पाणी दिलं. वर जाऊन तिनं पंधरा दिवसांची रजा मागितली.

"रजा?" मालक म्हणाले. "आणि दात कोण बसवणार, माझे वडील?"

"तेही पळून गेले असते," भुंगा आतून म्हणाला. मशीनच्या आवाजात ते विरलं, बहुधा.

सोमवारी मालकांनी दोघांना समोर उभं करून भाषण ठोकलं. "ज्याला थकवा येतो त्यानं खुशाल घरी बसावं! इथं फक्त..."

'फक्त'सरशी त्यांच्या तोंडातून काहीतरी सुटलं, टेबलाच्या कडेवर आपटलं आणि दोन तुकडे होऊन जमिनीवर पडलं. वरची कवळी.

त्यांना कवळी आहे हे कोणाच्या गावीही नव्हतं. भुंग्यानं तुकडे उचलले, उजेडात धरले, गुलाबी हिरडीवर अंगठा फिरवला.

"ही आपल्याकडची नाही. हे पॉलिश समोरच्यांचं."

समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडचा कारखाना. मालक ज्यांना उठता-बसता शिव्या घालायचे, तेच.

मालकांनी तोंडावर रुमाल धरला. "हे कुनाला फांगायचं नाही."

"कोण पांगलं?" भुंग्यानं भोळेपणानं विचारलं.

डॉक्टरांकडे जायची सोय नव्हती, कारण डॉक्टर सगळे गिऱ्हाईक. कवळीवाल्याच्याच तोंडात समोरच्यांची कवळी होती, हे कळलं असतं तर धंदा बसला असता. आणि समोरच्यांकडे आता कुठल्या तोंडानं जाणार? राहिली ती. मालकांनी खुणेनं सांगितलं, उद्याच हवी.

"घाई केली तर टोचेल," ती म्हणाली. हे खरंही होतं.

तो आठवडा सुखाचा गेला. फोन भुंगा घ्यायचा. मालकांना दात-ओठ खायचीही सोय नव्हती. नुसते ओठ खात बसायचे. न ओरडताही काम होतं, उलट जास्तच होतं, हे दोघांच्या लक्षात आलं. मालकांच्याही आलं असावं, कारण ते फारच खिन्न दिसायला लागले.

मेणातली कवळी बसवून बघायची वेळ आली. मालक स्टुलावर बसले. तिनं दोन्ही अंगठे त्यांच्या तोंडात घातले.

"बोलू नका. मेण हलेल."

मालकांसमोर अशी शांतता तिनं कधी अनुभवलीच नव्हती.

"मला ताप होता, तेव्हा तुम्ही घरी साचे पाठवलेत," ती म्हणाली.

"आं."

"कुटुंब म्हणता. कुटुंबात आजारी माणसाला पाणी तरी विचारतात."

"आं, आं!"

"मोठं उघडा. पूर्वी दात बसवताना वाटायचं, हे कोणाचं तोंड असेल, तो काय खाईल, कोणाला बघून हसेल. आता काहीच वाटत नाही. तुमची भीतीसुद्धा नाही."

मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पश्चात्तापाचं की अंगठा टाळूला लागल्याचं, ते तिनं विचारलं नाही.

"कवळी झाली की मी रजेवर. पंधरा दिवस. चालेल?"

"आं!"

"भुंग्या, ऐकलंस?"

"हो म्हणाले. अगदी स्पष्ट."

कवळी मात्र तिनं मन लावून केली. एखादा दात किंचित लांब ठेवावा, जन्मभर ओठात रुतेल असा, हा मोह झाला होता. पण हात ऐकेनात.

रजेत ती आधी पोटभर झोपली. मग नुसती खिडकीत बसली. एका दुपारी भुंग्याचा फोन आला. मागून मालकांचा आवाज भिंती हलवत होता.

"काय करून ठेवलंस हे! इतकी घट्ट बसलीय की दुप्पट ओरडतात. आणि आता प्रत्येक अक्षर कळतं!"

तिनं कान देऊन ऐकलं. स वेगळा, श वेगळा. काम झकास झालं होतं. तिला इतकं हसू आलं की आतून बहीण बघायला आली.

"हसतेस काय?" भुंगा फोनवर वैतागला. "मला रजा हवी असेल तर मी काय करू?"

"खालचे दात अजून त्यांचे स्वतःचे आहेत. वाट बघ."

रजा संपल्यावर ती कामावर गेली. दिवसभर दात बसवले. सहाला हात धुतले, पिशवी उचलली. मालक दारात उभे.

"ही अर्धवट कवळी कोण पुरी करणार?"

"मीच. उद्या."

मालकांनी तोंड उघडलं. आतली कवळी लखलखली. ती पिशवी खांद्याला लावून, ते बाजूला होण्याची वाट बघत उभी राहिली. त्यांनी जरा वेळ घेतला, पण सरकले.