खुळखुळीचा भोंगा

मोठ्या लाइनीवर हयात घालवलेली ती दोन डब्यांची विजेवरची गाडी म्हातारपणी नगर जिल्ह्यातल्या या फाट्याच्या छोट्या लाइनीवर आली, आणि तेव्हापासून मेहताब शेखच ती चालवत होता. खिडक्या इतक्या वाजायच्या, की लोकांनी तिचं नाव खुळखुळी पाडलं. एक मोटार कायमची गेलेली, त्यामुळे चढ आला की कण्हायची. हवा नीट भरली नाही तर भोंगाही घोगरा यायचा. पण वस्त्यांवरच्या माणसांना जंक्शन गाठायला दुसरं वाहन नव्हतं. दुधाचे कॅन, पेरूच्या पाट्या, कॉलेजची पोरं, सगळं तिच्यातच.

भोकरमळ्याच्या वळणावर भर सकाळी तिथल्याच वस्तीवरचा आसाराम तिच्यापुढे आला.

मेहताबनं ब्रेक लावला, भोंगा दाबून धरला. त्या दिवशी तो खणखणीत वाजला. रुळावरच्या माणसानं मान वर केली, काचेतून मेहताबकडे पाहिलं, आणि तसाच उभा राहिला.

चौकशीत मेहताबचा दोष निघाला नाही. भोंगा वाजवला होता, एवढंच त्यानं सांगितलं. त्या नजरेबद्दल कुणी विचारलं नाही, त्यानंही विषय काढला नाही.

आसारामची बायको बनुबाई जंक्शनजवळच्या वखारीत कांदा निवडायला जायची. दिवसकार्य उरकल्यावर ती पुन्हा कामाला निघाली, ती त्याच गाडीनं. दुसरी होती कुठं? रोज मागच्या डब्यात चढायची. भोकरमळ्याला गाडी उभी केली की मेहताब समोर बघत बसायचा.

एके सकाळी जंक्शनला सगळे उतरून गेल्यावर ती केबिनच्या दाराशी आली.

"मेहताबभाई, एक इचारू?"

"विचारा की."

"त्या दिशी भोंगा वाजला हुता का?"

मेहताब केबिनच्या पायरीवर येऊन उभा राहिला.

"सकाळी माझं नि ह्यांचं लई वाजलं हुतं," ती म्हणाली. "रागाच्या भरात मी बोलून गेले, पुन्यांदा तोंड दावू नका. सासूबाई म्हनत्यात, तूच घालवलंस त्याला. माझ्या हातचं पानी घेत न्हाईत. ह्यांना ऐकू तर चांगलं यायचं. भोंगा वाजला आसंल, तर मंग..."

हातातला जेवणाचा डबा ती पदरानं पुसत राहिली.

"नाही वाजला," मेहताब म्हणाला. "हवा कमी पडली. ते पाठमोरे होते, त्यांना कळलंच नाही."

"मंग चौकशीत वाजला म्हनून सांगितलं त्ये?"

"नोकरीला भ्यालो."

तिनं केवढा तरी श्वास सोडला. मग तिचे डोळे बदलले.

"तळतळाट लागंल तुमाला," ती हळूच म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी तिचा दीर कानिफनाथ गाव घेऊन स्टेशनात आला. खुळखुळीच्या काचा फुटल्या. पुन्हा चौकशी लागली. गाडीचा गार्ड अमृत धावतच मेहताबकडे आला.

"काका, भोंगा मी माझ्या कानांनी ऐकलाय. साहेबांना सांगतो."

"नको."

"अहो, गाडी काढून घेतील तुमच्याकडून!"

"घेऊ दे. तू मधे पडू नको."

मेहताबनं साहेबांपुढेही तेच सांगितलं, भोंगा वाजला नव्हता. त्याला यार्डात बसवलं. इथवर त्यानं गृहीतच धरलं होतं. पण ज्या गाडीचा भोंगा ऐनवेळी दगा देतो ती रुळावर नको, असा हुकूम निघेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. खुळखुळी ओढून नेऊन भंगाराच्या रुळावर उभी केली. तिच्या जागी दुसरी आली नाही. पोरांची कॉलेजं सुटली, पाट्या घरीच नासू लागल्या. बनुबाई आता डांबरी सडकेपर्यंत चालत जाते आणि टेम्पो मिळाला तर मिळाला, असं अमृतकडून कळलं.

"अंधारातच निघते," अमृत म्हणाला. "सासू सोडायला येते सडकेपर्यंत. रस्ताभर तुमच्या नावानं बोटं मोडतात."

"दोघी?" मेहताबनं विचारलं.

"दोघी."