खोलीत धरलेली सुशीला

शिवानीने वरच्या खोलीचं ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ करायचं जाहीर केलं तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे कल्याणप्पांनी, पेपर खाली घेतला, “म्हंजी खाट आन् खाऊ,” असं भाषांतर केलं आणि पेपर पुन्हा वर धरला. शाळेत क्लार्की करून रिटायर झालेला माणूस. त्यांच्या लेखी धाराशिवात मुक्कामाला येणारा एकतर पाहुणा असतो, नाहीतर कोर्टाच्या तारखेला आलेला. पाहुण्याकडून पैसे घ्यायचे नसतात, आणि तारखेवाल्याला नाष्ट्याची चव कळत नसते.

शिवाय ती खोली त्यांनी मनातल्या मनात आडतवाल्या शरणबसप्पाला केव्हाच देऊन टाकली होती. त्याला सोयाबीनची पोती ठेवायला जागा हवी होती, आणि पोती टॉवेल मागत नाहीत. दोन दिवस बापलेकीची जुंपली. शेवटी एक महिना शिवानीचा, असं ठरलं. तेवढ्यात खोली चालली तर ठीक, नाहीतर एक तारखेला पोत्यांचा टेंपो दारात.

शिवानीची आई गंगम्मा वरवर म्हणायची, हे सगळं आमच्या शिवानीचं खूळ. पण खोली चालावी म्हणून जिवाची तगमग होत होती ती गंगम्माचीच. एकतीस वर्षं ती या घरात रांधत होती, आणि तिच्या स्वयंपाकाबद्दल कल्याणप्पांनी आजवर दिलेला अभिप्राय एकच, “पाणी दे.” खोलीच्या पहिल्या पाहुण्याने मात्र ताटली पुसून घेतली आणि म्हणाला, “काकू, काय चव आहे हो!” गंगम्मा कढईकडे तोंड करून पदराने डोळे पुसत राहिली. तेव्हा ती कांदा चिरत नव्हती. त्या दिवसापासून तिला ही खोली हवी होती, आणि पोत्यांचं नाव काढलं की ती भांडी आपटायची.

खोलीही चांगली सजली होती. फुलाफुलांची चादर, खिडकीत तुळस, आणि मोबाइलवर बघून शिवानीने टॉवेलचा केलेला हंस. तो कोंबडीसारखा दिसे, पण कुणी तक्रार केली नाही. तक्रार एकच होती. घरातला सगळ्यात चांगला पंखा त्या खोलीत असल्यामुळे कल्याणप्पा दुपारी सरळ पाहुण्याच्या पलंगावर जाऊन पेपर वाचत.

पहिली पंचाईत झाली ती पोह्यांनी. पहिला पाहुणा पवनचक्क्यांचा इंजिनिअर होता, तरणाताठा. शिवानीने त्याला ओसरीवर पोह्यांची ताटली दिली, आणि भिंतीवरून शेजारच्या इरम्माची मान वर आली.

“पोरगा काय करतो गं?”

“पवनचक्क्या दुरुस्त करतो,” गंगम्मा म्हणाली.

“बरा हाय की! मग, जमलं का?”

गंगम्माने हसण्यावारी नेलं. पुढच्या आठवड्यात औषध कंपनीचा माणूस आला, पुन्हा पोहे, पुन्हा मान. “पवनचक्कीवाल्यानं न्हाय म्हणलं व्हय?” तिसरा आला तो बियाण्यांच्या कंपनीतला, पन्नाशी उलटलेला, मिशा पांढऱ्या. शिवानीने त्याच्यापुढे ताटली ठेवताच इरम्मा भिंतीपलीकडून कळवळून ओरडली, “गंगम्मा, पोरगी जड झाली म्हणून एवढ्या वयाचा बगू नगंस गं बाई!”

संध्याकाळपर्यंत शिवानीला तिघांनी नाकारल्याचं गल्लीभर झालं. दोन बायका धीर द्यायला आल्या, त्यांनाही पोहेच द्यावे लागले.

“आजपासून या घरात पोहे बंद,” गंगम्माने फर्मान काढलं. “पावण्यांस्नी सुशीला.”

सुशीला म्हणजे बाई नव्हे, हे धाराशिवात कुणाला सांगावं लागत नाही. पण परमुलखातल्या माणसाला सांगितलेलं बरं. चुरमुरे पाण्यात बुडवायचे, लगेच पिळून काढायचे, मग कांदा, मिरची, शेंगदाणे, कढीपत्ता, हळद यांच्या फोडणीवर परतून वर डाळव्याचं, म्हणजे भाजक्या हरभराडाळीचं, कूट आणि लिंबू. सुशीला खाऊन लग्न जमल्याचं किंवा मोडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. शिवानीने दारावरच्या पाटीवर सुबक अक्षरांत लिहिलं: ‘राहण्याची घरगुती सोय. सकाळी गरम सुशीला.’ ती पाटी वाचून स्टँडकडे निघालेली दोन परगावची पोरं खिदळली. कशाला, ते घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

महिना संपायला चार दिवस उरले असताना नाटेकर सर आले. रत्नागिरीचे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक, इथल्या कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा घ्यायला. सर इतके सज्जन, की कल्याणप्पा पलंगावर पेपर वाचताना दिसले तर “असू दे, असू दे” म्हणत स्वतः खुर्चीवर बसत. त्यांची एकच खोड होती. बायकोला संदेश पाठवताना ते जुन्या काळी तार करावी तसे शब्द वाचवत. दोन दिवसांत त्यांनी रत्नागिरीला तीन संदेश धाडले.

‘पोचलो. खोली छान.’

‘सकाळी सुशीला. आयुष्यात प्रथमच. तृप्त.’

‘आज सुशीला दोनदा. हॉटेल नको वाटते. मुक्काम एक दिवस वाढवतो.’

तिसरा संदेश वाचून नाटेकरबाईंनी सरांना फोन लावला. सरांचा फोन परीक्षेच्या नियमाप्रमाणे बंद करून कॉलेजच्या पेटीत ठेवलेला. बाईंनी मग, सरांनी निघण्याआधी मोबाइलवर दाखवलेल्या, खोलीच्या जाहिरातीतला नंबर शोधला. तो फोन गंगम्माच्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी असे.

“हॅलो. तुमच्याकडे सुशीला असते का?”

गंगम्माची कळी खुलली. पाटीचं नाव परगावी पोचलं म्हणायचं! “व्हय, आस्ती की! रोज सकाळी आस्ती.”

“नाटेकर सर ओळखतात तिला?”

बोलण्याची तऱ्हा गंगम्माला विचित्र वाटली, पण कोकणात असंच बोलत असतील. “आदी वळखत नव्हते. पर आता सोडवत न्हाय त्यांस्नी. काल एकदा, आज दोनदा.”

“आणि तुम्ही काही म्हणत नाही?”

“आमी कशाला आडवू? पावण्याचं मन भरलं म्हंजी झालं.”

“दिसायला कशी आहे?”

“पिवळीधमक! हळद मी सोता लावते, सढळ हातानं.”

“हळद? हळदसुद्धा लागली?”

“ती लागायलाच पायजे ओ. त्याबिगर रंग चढत न्हाय.”

“पैसे… पैसे किती घेता तिचे?”

गंगम्माला हसू आलं. “छे छे! सुशीलाचे येगळे पैसे न्हाईत. ती खोलीतच धरलीय.”

फोन कट झाला. रेंज गेली असेल, असं म्हणून गंगम्मा भाकरी थापायला बसली. रत्नागिरीहून त्यानंतर सरांना सतरा वेळा फोन आला. पण सरांनी संध्याकाळी चार्जिंगला लावलेला फोन कल्याणप्पांनी आपला रेडिओ लावण्यासाठी काढून ठेवला, आणि तो बंद पडला होता.

तीस तारखेला सकाळी साडेसातला रिक्षा दारात थांबली. तिच्यातून एक ठेंगणी, चष्मेवाली बाई उतरली. डोळे जागून लाल, हातात पिशवी, आणि पिशवीपेक्षा छत्री जास्त घट्ट धरलेली. पाटी तिने वरपासून खालपर्यंत वाचली आणि दात आवळले.

“सुशीला कुठे आहे?”

गंगम्मा हरखून गेली. पोत्यांना एक दिवस उरला होता आणि देवाने दारात गिऱ्हाईक आणून सोडलं होतं. “या, या! आत हाय की. आत्ताच पाण्यातनं काढलीय, पिळायची ऱ्हायलीय.”

नाटेकरबाईंनी चौकट धरली.

तेवढ्यात जिन्यावरून सरांचा आवाज आला. “काकू, सुशीलाला आज उशीर झाला का?” आणि पाठोपाठ बनियनवर सर. बायकोला बघून ते पायरीवरच थिजले. “अगं, तू? इथं?”

“आधी मी विचारते ते सांगा,” बाई म्हणाल्या. “सुशीलाला हळद कधी लागली?”

सर शास्त्राचे माणूस. प्रश्न आला की तो कुणी आणि का विचारला हे न बघता उत्तर द्यायची सवय. त्यांनी विचार केला. “बहुधा फोडणीतच घालत असावेत.”

भिंतीवर इरम्मा आलीच होती. “अगं बाई गंगम्मा, ह्यो तर लगीन झालेलाच निघाला की!”

गंगम्माला काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. काय ते कळेना. आणि काय करावं ते कळत नसलं की ती खायला वाढायची. तिने आत जाऊन चुरमुरे पिळले, फोडणीत टाकले, लिंबू पिळलं आणि वाफाळती ताटली आणून बाईंच्या हातात दिली.

“आदी दोन घास खावा. प्रवास करून आलाय. मग काय भांडायचं ते भांडा.”

“हे काय आहे?”

“हीच की सुशीला.”

नाटेकरबाईंनी ताटलीकडे पाहिलं. मग सरांकडे. मग पुन्हा ताटलीकडे. “चुरमुरे?” त्या म्हणाल्या. “रात्रभर तीन एसट्या बदलून आले मी. चुरमुऱ्यांसाठी?”

शिवानीला आधी उमगलं आणि ती तोंडावर ओढणी दाबून मागच्या दारी पळाली. मग गंगम्माला फोनवरचं आपलं एकेक वाक्य आठवायला लागलं. ‘ती खोलीतच धरलीय’ इथवर आल्यावर तिने कपाळावर हात मारला आणि मटकन खाली बसली. दोघी बायका समोरासमोर बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. सर अजून पायरीवरच उभे होते, कारण त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

हसता हसता बाईंनी एक घास घेतला, मग सगळी ताटली संपवली. गंगम्माने न विचारता दुसरी दिली, तीही संपली.

“छान आहे ना?” सर आशेने म्हणाले. “आता माझी परीक्षा दुपारी आटोपते. मिळून जाऊ चारच्या गाडीनं.”

“तुम्ही जा,” बाई म्हणाल्या. “मी राहणार आहे. चार दिवस.”

“इथं? एकटी? आणि घरी माझं जेवण?”

“लग्नाला सव्वीस वर्षं झाली,” बाई म्हणाल्या, आणि आता त्या हसत नव्हत्या. “सकाळी उठल्यावर कुणीतरी माझ्या हातात खायला आणून दिलं, असं आज पहिल्यांदा झालं. तुम्ही खिचडी लावा. आयोडीन मोजता, मीठ मोजता येईल.”

गंगम्माला एकदम भरून आलं. हे वाक्य तिचंच होतं, फक्त तिला ते कधी सुचलं नव्हतं.

नेमके त्याच वेळी कल्याणप्पा पेपर घेऊन वरच्या खोलीकडे निघाले होते. “चार दिवस कुटनं?” ते म्हणाले. “उद्या एक तारीक. शरणबसप्पाला शब्द दिलाय. पोती येणार हाईत.”

“पोती तुमच्या खाटंवर ठिवा,” गंगम्मा म्हणाली.

कल्याणप्पा थांबले. एकतीस वर्षांत गंगम्मा त्यांच्याशी या सुरात बोलली नव्हती.

“परमुलखातनं माणसं येत्यात, माझ्या हातचं खाऊन चांगलं म्हणत्यात. तुमी एकदा तरी म्हणला का? एकदा?”

कल्याणप्पा खरोखरच विचारात पडले. “वाईट झालं आसतं तर म्हणलो आसतो की,” ते म्हणाले. हे त्यांना पुरेसं उत्तर वाटलं होतं; पण ओसरीवरच्या दोन्ही बायका आणि भिंतीवरची तिसरी अशा काही बघायला लागल्या, की ते खोलीत न जाता, पंखा नसलेल्या ओसरीतच पेपर उघडून बसले. पेपर उलटा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो गल्लीत शिरला. पुढे शरणबसप्पा, मागे हमाल. “घ्या रे, घ्या मागं,” चाललेलं. गंगम्मा आत परातीवर वाकलेली, दोन्ही हात ओल्या चुरमुऱ्यांत. वर नाटेकरबाई अजून झोपल्या होत्या. त्या बिचारीला पोत्यांच्या आवाजाने उठवायचं कसं, या काळजीने तिला रडू फुटायचंच बाकी होतं. आणि मिठाच्या बरणीशेजारी फोन वाजायला लागला.

तो वाजून थांबला, पुन्हा वाजला. नाटेकरबाईंनी काल रत्नागिरीत आपल्या भिशीतल्या बायकांना सगळी हकीकत कळवली होती, आणि भिशीत अकरा बायका होत्या.

“आवो, तेवडा फोन घ्या!” गंगम्मा ओरडली. “माझं हात भरल्यात!”

कल्याणप्पांनी महिनाभर त्या फोनला बोट लावलं नव्हतं. दारात शरणबसप्पा पोती वर चढवायची वाट बघत होता. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराकडे, आणि फोन कानाला लावला.

“हॅलो. व्हय, धाराशिवच. व्हय, आस्ती की सुशीला.” ते जरा वेळ ऐकत राहिले. मग दाराकडे पाठ फिरवून, आवाज खाली घेऊन म्हणाले, “कशी आस्ती म्हंजी? एक नंबर आस्ती बाई. एकतीस वर्सं खातोय मी. एक दिवस बिगडली न्हाय.”

आत परातीवरचे हात थांबले.

“चार बायका? पाच तारकेला? या की. खोली मोकळी करून ठिवतो,” कल्याणप्पा म्हणाले, आणि शरणबसप्पाला हातानेच ‘जा, जा’ अशी खूण केली. “मी कोण? मी व्हय? मी सुशीलाचा नवरा बोलतोय.”

टेंपो कुरकुरत मागे गेला. त्या दिवशीची सुशीला मात्र पार गिचका झाली, कारण गंगम्मा हसत आणि डोळे पुसत चुरमुरे पिळतच राहिली होती. कल्याणप्पांनी ती मुकाट्याने दोनदा घेतली आणि कुणी न विचारता म्हणाले, “झकास.”