झुंबरबाईंसमोरचे वाचन

सुरगाण्याच्या या डोंगरांत हिवाळ्यातला उजेड घाईने येत नाही. आधी तो माथ्यावरच्या सागांना स्पर्श करतो, मग कापून झालेल्या भाताच्या खाचरांत उतरतो, दहिवराने ओल्या खुंटांवर रेंगाळतो आणि अखेर आमच्या दोन खोल्यांच्या शाळेच्या गजांमधून आत येऊन रिकाम्या सतरंज्यांवर पसरतो. दिवाळी सरली की निम्मी मुले आईबापांबरोबर दिंडोरीकडे द्राक्षमळ्यांत जातात. त्या रिकामेपणाशी बोलावे असे शब्द मला कधी सुचले नाहीत.

त्या सकाळी रुद्रची आजी झुंबरबाई त्याला घेऊन आल्या. तो बापाबरोबर मळ्यावरून आला होता. परत जायचे की आजीजवळ राहून शिकायचे, हे ठरायचे होते.

"रोज शाळेत येऊन काय येतं, त्ये दाखवा गुरुजी. नायतर तिकडं धाकटीला तरी सांभाळंल."

बोलण्यापेक्षा दाखवणे मला सोपे. एकही दिवस न चुकवणाऱ्या तिसरीतल्या संध्याला मी उभे केले. तिने पुस्तक उघडून धडा सुरू केला. आवाज स्वच्छ, अडखळणे नाही. झुंबरबाई मान डोलावू लागल्या.

रुद्र तिच्या पुस्तकात डोकावला. "अगं, हितं विहीर हाय. तू हत्तीचं काय बोलतीस?"

"तुला काय ठावं? तू तिकडं द्राक्षं खात बसतोस," संध्या म्हणाली, पण तिचा आवाज खाली गेला.

रुद्रने विहिरीच्या धड्याची पहिली ओळ बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडत पुरी केली.

"तू कुठे शिकलास?" मी विचारले.

"अक्षरं तुम्हीच पहिलीत शिकवली की. मग खोक्यांवरचं, ट्रकवरचं वाचतो. जोडाक्षर आलं की अडतो. तिकडं कुणी सांगत नाय."

झुंबरबाई रुद्रकडे वळल्या. "मंग ऱ्हा हितंच. आडलं की गुरुजींना इचार. तुझ्या बापाला मी सांगते."

त्या गेल्यावर संध्या सरकत रुद्रच्या शेजारी बसली. त्याच्यासारखेच तिने पहिल्या अक्षराखाली बोट ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. "सर, ह्ये कोणतं?"

मी खाली सतरंजीवर, तिच्याजवळ बसलो. वाचताना तिचे डोळे ओळीवरून सरकत नाहीत, हे मी अनेकदा पाहिले होते आणि प्रत्येक वेळी पुढच्या धड्याकडे वळलो होतो. रोज शाळेत येणाऱ्या संध्याला वाचता येत नव्हते.